लोहाचं औषध आणि मुलांची उंची: बाटली उघडण्याआधी आणि उघडल्यावर

धनकवडीत माझं औषधांचं दुकान आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात एक ठरलेला प्रश्न येतो. पाठीला नवं दप्तर लावलेलं पोर आईच्या ओढणीला धरून उभं असतं आणि आई म्हणते, “ताई, याला उंची वाढायचं काहीतरी द्या ना. प्रार्थनेच्या रांगेत यंदाही पहिलाच. शेजारच्यांनी लोहाचं टॉनिक चालू केलंय म्हणे.”

मला हसू येत नाही, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. माझा मुलगा पहिलीत होता. रक्त न तपासता, कोणाला न विचारता, माझ्याच फळीवरची बाटली मी घरी नेली आणि तीन महिने त्याला पाजली. पोट कडक झालं, जेवायची कुरकुर वाढली, आणि दाराच्या चौकटीवरची पेन्सिलीची खूण जितकी सरकायची तितकीच सरकली. मग डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन १२.४. म्हणजे कमी नव्हतंच. त्यांनी त्याची जुनी मापं वाढीच्या तक्त्यावर मांडली, तर सगळे ठिपके मधल्या रेषेच्या खाली, पण एकाच ओळीत चाललेले. माझी उंची १५० सेंटिमीटर, नवऱ्याची १६३. “हा सहा फुटी होईल असं तुम्हाला का वाटलं?” एवढंच ते म्हणाले. औषधशास्त्राची पदवी दुकानात चौकटीत टांगलेली असताना हे ऐकून घ्यावं लागलं.

तर मुद्दा असा: लोह हे रक्त भरून काढायचं औषध आहे, उंचीचं नाही. रक्त कमी असलेल्या मुलाला ते नीट दिलं की थकवा जातो, भूक बऱ्याचदा सुधारते, लक्ष लागतं. म्हणून ते चुकवू नये. पण नुसत्या लोहाने उंची किंवा वजन वाढतं का, हे बऱ्याच देशांत तपासून झालं आहे. अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा भारतीय बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतला, आणि वाढीवर ठोस फायदा त्यांना दिसला नाही. उलट बाजूही आहे. १९९४ मध्ये इंडोनेशियात दीड वर्षाच्या आतल्या, लोह पुरेसं असलेल्या मुलांना चार महिने रोज लोह दिलं, तेव्हा त्यांचं वजन न दिलेल्या मुलांपेक्षा कमी वाढलं. २००२ मध्ये स्वीडन आणि होंडुरासमधल्या तान्ह्या बाळांच्या अभ्यासात, कमतरता नसलेल्या बाळांची लांबी थोडी कमी वाढल्याचं दिसलं. थोडक्यात, “दिलं तर दिलं, तोटा काय” हे वाक्य लोहाच्या बाबतीत खरं नाही.

तरी घाबरून बाटली फेकायचीही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. तुमचं मूल कोणत्या गटातलं, हे शोधायचं कसं आणि सापडल्यावर करायचं काय, ते क्रमाने सांगते.

आधी भिंत

बाटलीच्या आधी माप घ्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजतात आणि ते काम दवाखान्यात किंवा अंगणवाडीतच नीट होतं. घरी ताणून मोजायला जाऊ नका. बाळ आक्रसून घेतं आणि आकडा दोन सेंटिमीटरनी चुकतो.

दोन वर्षांपुढे घरी जमतं. फरशीशी कडेला पट्टी नसलेली सरळ भिंत शोधा. चपला, बूट, मुलींचा अंबाडा, सगळं काढा. टाचा, बूड, खांदे आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला, नजर समोर. हनुवटी वर केली की मुलं स्वतःहून सेंटिमीटरभर उंच होतात, तेवढी खाली घ्या. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, खालच्या कडेशी खूण करा आणि सुताराच्या पोलादी टेपने मोजा. शिवणकामाची कापडी टेप ताणली जाते. माणूस सकाळी थोडा उंच आणि संध्याकाळी थोडा बुटका असतो, तेव्हा वेळ दर खेपेला तीच ठेवा.

दर महिन्याला मोजून काही हाती लागत नाही, जीव मात्र टांगणीला लागतो. सहा महिन्यांतून एकदा पुरे. मी पाडवा आणि दसरा धरला आहे. मधे अधिक मास आला तर अंतर महिन्याने वाढतं, तेवढं हिशेबात घ्यायचं.

आकड्याचा अर्थ असा लावायचा. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात १२ च्या आसपास. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर ही निरोगी चाल. चारच्याही खाली गेलं तर डॉक्टरांकडे जायचं, मग हिमोग्लोबिन कितीही असो. तक्ते दोन: पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा, आणि पाच ते अठरासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा. हा दुसरा तक्ता तयार करण्यात आपल्या पुण्यातल्या डॉ. वामन खाडिलकरांचा पुढाकार होता. आपल्याच मुलांच्या मापांवर तो बेतलेला आहे, म्हणून इंटरनेटवर सापडेल तो परदेशी तक्ता घेऊन पोराला तोलू नका.

एक ठिपका काही सांगत नाही, तीन ठिपक्यांची रेघ सांगते. मूल आपल्या रेषेवर चाललं असेल तर ते बारीक चणीचं आहे, आजारी नाही. रेषा सोडून खाली उतरत असेल तर ते रांगेत पाचवं उभं राहत असलं तरी तपासायला हवं. आईवडिलांच्या उंचीवरून मुलाच्या उंचीचा अंदाज हवा असेल तर दोघांची बेरीज करून निम्मी करा, मुलासाठी साडेसहा सेंटिमीटर मिळवा, मुलीसाठी तेवढेच वजा करा. माझ्या मुलाचं उत्तर १६३ येतं. बापाइतकाच होणार, यात तक्रार कसली?

अंगणवाडीत जाणारं मूल असेल तर दंडाचा घेर मोजून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या आत भरला तर ते तीव्र कुपोषण. तिथे दुकानातल्या लोहाने सुरुवात करायचीच नाही. अशा मुलाला आधी जंतुसंसर्गाचे उपचार आणि खाणं, वजन वाढायला लागल्यावर लोह, आणि हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग रक्त

डोळ्याची खालची पापणी पांढुरकी, तळहात फिके, जिना चढताना धाप, सततची चिडचिड, ही लक्षणं उशिरा दिसतात. त्याआधीचं एक लक्षण घरात लपून बसतं: मूल माती खातं, भिंतीचा चुना खरवडतं, पाटीवरची पेन्सिल कुरतडतं, फ्रीजमधला बर्फ चघळत बसतं. आया हे सांगायला लाजतात आणि मुलं मार खातात. मारू नका, रक्त तपासा.

तपासणी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. बोटाला टोचून यंत्रावर पाहिलेलं हिमोग्लोबिन शाळेच्या शिबिरापुरतं ठीक आहे, पण बोट फार दाबलं की रक्तात पाणचट द्रव मिसळतो आणि आकडा पडतो. औषध ठरवायचं तर शिरेतलं रक्त द्या. हिमोग्लोबिन किती असावं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मर्यादेप्रमाणे सहा ते तेवीस महिन्यांत १०.५ च्या खाली गेलं तर कमी, दोन ते पाच वर्षांत ११ च्या खाली, पाच ते अकरा वर्षांत ११.५ च्या खाली. प्रयोगशाळेच्या कागदावर कधीकधी मोठ्यांची मर्यादा छापलेली असते आणि मुलाचा चांगला आकडाही ठळक टाइपात येतो. त्या ठळक आकड्यावर परस्पर औषध घेऊन गेलेले बरेच जण मी पाहिले आहेत.

त्याच कागदावर एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं आकारमान लिहिलेलं असतं. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात. पण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्तातला सौम्य दोष, असेल तरीही पेशी लहानच असतात, आणि पुण्यात हे विसरून चालत नाही. पिंपरी कॅम्पातला सिंधी समाज, कच्छी, गुजराती, पंजाबी कुटुंबं यांत त्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि मराठी घरांतही तो सापडतो. एक ढोबळ हिशेब आहे: एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या संख्येने भागा. उदाहरणार्थ एमसीव्ही ६५ आणि पेशी ५.६ दशलक्ष, तर उत्तर ११.६. तेराच्या खाली उत्तर आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी ही तपासणी डॉक्टरांना विचारायची. अशा मुलाला वर्षानुवर्षं लोह पाजून रक्त वाढत नाही. घरच्यांची जेवणावरून बोलणी तेवढी वाढतात.

फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, डॉक्टरांनी सांगितला तर करा, पण ताप-खोकला असताना नको. संसर्गात तो खोटाच वाढलेला दिसतो.

लेबल वाचायचं कसं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि त्यातल्या काही काउंटरच्या आतल्या बाजूला होतात.

बाटलीवर क्षाराचं नाव मोठ्या अक्षरात असतं: फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस ॲस्कॉर्बेट. तो आकडा तुमच्या कामाचा नाही. शंभर मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमध्ये प्रत्यक्ष लोह ३३ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, तेवढ्याच फेरस ग्लुकोनेटमध्ये जेमतेम १२. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल आयर्न’ लिहिलेलं असतं. शोधायचा तो आकडा. आणि तो किती मिलीमध्ये, हे लगेच त्याच्या शेजारी बघायचं.

रक्तक्षय ठरल्यावर उपचाराची नेहमीची मात्रा दर किलो वजनाला दिवसाला ३ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न. मात्रा डॉक्टर ठरवतील, पण घरी ताळा करून बघायला हरकत नाही. मूल ११ किलोचं, म्हणजे दिवसाला ३३ मिलिग्रॅम. सिरपवर ‘५ मिलीमध्ये ३० मिलिग्रॅम’ असेल तर साडेपाच मिली. ड्रॉप्सवर ‘१ मिलीमध्ये २५ मिलिग्रॅम’ असेल तर १.३ मिली. एकाच मुलाला, एकाच औषधाचं माप चौपट वेगळं!

एका आजोबांना मी नातीसाठी ड्रॉप्स दिले. नात ९ किलोची, चिठ्ठीवर १ मिली, ड्रॉप्समध्ये मिलीला २५ मिलिग्रॅम. चौथ्या दिवशी आजोबा परत आले: “ताई, बाटली संपली, दुसरी द्या.” पंधरा मिलीची बाटली तीन दिवसांत संपली होती. घरी आधीच्या खोकल्याच्या औषधाचा चमचा होता, पाच मिलीचा, आणि आजी त्याने पाजत होत्या. रोज १२५ मिलिग्रॅम, म्हणजे किलोला जवळजवळ १४. पोरीला उलट्या होत होत्या आणि घरच्यांनी त्या उन्हावर ढकलल्या होत्या. तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. औषध थांबवलं, तिला तपासलं, आणि निभावलं. चूक माझी होती. बाटली पिशवीत टाकताना ड्रॉपर काढून हातात देऊन “इथपर्यंत” असं नखाने दाखवायला हवं होतं. आता मी सुई नसलेली सिरिंज बरोबर देते आणि मापाच्या रेघेवर मार्करने खूण करते. तुमचा दुकानदार करत नसेल तर करून मागा. घरातला चहाचा चमचा हे माप नव्हे.

पाजायचं कधी आणि कशाबरोबर

लोह रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं: जेवणाआधी तासभर किंवा नंतर दोन तासांनी. मळमळ होत असेल तर जेवणानंतर लगेच द्या, थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद पडण्यापेक्षा ते बरं. दुधाबरोबर कधीच नको, चहाबरोबर तर नकोच. “चहात बिस्कीट बुडवून दिलं की औषध घेतो” असं सांगणारे बरेच भेटतात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि औषध संडासात जातं. त्याऐवजी लिंबाचं सरबत, पेरूची फोड, आवळ्याचा रस. क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते.

सिरिंज गालाच्या आत, दातांच्या मागे धरून हळूहळू सोडा आणि वर पाणी पाजा, नाहीतर दातांवर काळसर डाग पडतात. ते घासल्यावर जातात, पण शेजारीण आधी बघते. शी काळी किंवा गडद हिरवी होणार. त्यात काळजीचं काही नाही, औषध पोटात पोचतंय एवढाच त्याचा अर्थ. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली तर मात्र डॉक्टरांना सांगा. ताप, जुलाब, न्यूमोनिया असेल त्या दिवसांत लोह थांबवून आजार आधी बरा करायचा.

मापातलं तीन-चार आठवडे दिल्यावर हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं तर निदान बरोबर होतं. आणि इथेच बहुतेक घरं औषध सोडतात. “रक्त भरलं, आता कशाला?” रक्त भरलं, पण कोठार रिकामंच आहे. आकडा जागेवर आल्यावर आणखी दोन ते तीन महिने द्यायचं असतं, नाहीतर दिवाळीत भरलेलं होळीपर्यंत उतरतं.

वाढलंच नाही तर आधी स्वतःला विचारा, खरंच रोज दिलं का? मग दूध, चहा, जंत. दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्ट हे राष्ट्रीय जंतनाशक दिन, शाळेत आणि अंगणवाडीत गोळी फुकट मिळते. सुट्टीत गावी अनवाणी हुंदडून आलेल्या मुलाला अंकुशकृमी होऊ शकतो, तो आतड्यातून रक्तच पितो. हे सगळं नीट असून रक्त वाढत नाही आणि उंचीही रेषा सोडतेय, तर दोन्ही तक्रारी एकत्र सांगा. गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडणारा सीलिॲक आजार नेमका अशा जोडीने समोर येतो, आणि थायरॉइडही तपासायला हवं. खाल्लेलं अंगाला लागत नाही, ही आजीची तक्रार डॉक्टरांपुढे तशीच्या तशी मांडा, ती उपयोगी असते.

अंगणवाडीचं सिरप, शाळेची गोळी

ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप मिळतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह. पाच ते नऊ वर्षांना आठवड्याला एक गुलाबी गोळी, ४५ मिलिग्रॅम. दहा ते एकोणीसला निळी, ६० मिलिग्रॅम. हा प्रतिबंधाचा डोस आहे, बेताचा आणि फुकट. तो घेणाऱ्या मुलाला वरून टॉनिक लावायचं नाही. उपचार चालू असतील तर शाळेत आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगा, म्हणजे दुहेरी मात्रा जाणार नाही. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवलेल्या मुलाला हा डोस देत नाहीत. कमी वजनाचं किंवा दिवसांआधी जन्मलेलं बाळ सहा महिने थांबत नाही, त्याचं लोह डॉक्टर आधीच सुरू करतात. ती चिठ्ठी फ्रीजवर चिकटवा.

ताटात काय

बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, डाळिंब लाल म्हणून वाढवतं, हा रंगाचा हिशेब आहे. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लागतं. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, अळिवाचा लाडू, तांबडा माठ, ही आपली नेहमीची मंडळी जास्त कामाची, तीही वर लिंबू पिळून. मोड आणल्याने लोह अडवणारं फायटेट कमी होतं. मांसाहारी घरात मटणाची कलेजी आणि मासे, यातलं लोह सहज शोषलं जातं. आमटी लोखंडी कढईत करा आणि त्यात आमसूल टाका. आंबटाने कढईचं लोह उतरतं. नॉनस्टिक कढईतून ते मिळत नाही.

दुधाचं मात्र बोललंच पाहिजे, पुण्यातल्या आयांची नाराजी पत्करून. दिवसाला लिटरभर दूध पिणारं दीड-दोन वर्षांचं गुबगुबीत बाळ हे रक्तक्षयाचं मला दिसणारं सगळ्यात नेहमीचं रूप आहे. दुधात लोह नावापुरतं असतं, पोट भरतं आणि भाकरी मागे पडते. अर्ध्या लिटरच्या आत आणा, दुधाची बाटली सोडवा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य अन्न म्हणून गाईचं किंवा पिशवीचं दूध नको.

बाटली ठेवायची कुठे

सिरपला स्ट्रॉबेरीचा वास असतो आणि साखरेचं कवच चढवलेली गोळी गोळ्या-चॉकलेटसारखी दिसते. एकदम किलोला २० मिलिग्रॅमच्या वर लोह गेलं तर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, ६० च्या वर जिवावर बेततं. दहा किलोच्या बाळाने आईच्या गरोदरपणातल्या ६० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या खाल्ल्या तर ती मर्यादा गाठली जाते. आईच्या गोळ्या उशीजवळ असतात आणि थोरलं पोर दोन वर्षांचं, घरोघरी असतंच असं. तेव्हा वरची फळी, कडी असलेलं कपाट. खाल्ल्याचा संशय आला तर घशात बोट घालून उलटी काढू नका, दूध पाजून वाट बघू नका. सुरुवातीच्या उलट्यांनंतर मूल काही तास बरं दिसतं आणि मग ढासळतं, हाच यातला धोका. १०८ ला फोन करा किंवा सरळ मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, आणि रिकामी पट्टी बरोबर न्या. किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजून सांगितलं की डॉक्टरांचं निम्मं काम होतं.